खड्डा तिथेच असू द्या!

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या सांस्कृतिक विभागाच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोला. रेल्वेवर काहीतरी सांगा." मी म्हटले, "काकू, बिलासपुरात आपले अर्धे मंडळ रेल्वेतच आहे. आरतीला उभे राहिल्यावरसुद्धा लोक गाडी किती लेट आहे यावरच बोलतात. मी गोल्फवर बोलतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, आपल्यात गोल्फ खेळते कोण?"

प्रश्न बरोबर आहे. मीही खेळत नाही. मी डिप्लोमा करून रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो आणि आजवरची नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. पण लहानपणी चार वर्षे मी गोल्फच्या मैदानावर इतरांच्या पिशव्या उचलल्या आहेत. तिथे शिकलेली एक गोष्ट पुढे नोकरीत उपयोगी पडली. ती आज सांगायची आहे, आणि ती गोष्ट आहे वाळूच्या खड्ड्यांची.

वडील रेल्वेत फिटर. त्यांची बदली झाली त्या वसाहतीत ऑफिसर्स क्लबचे नऊ होलचे छोटेसे मैदान होते. नावाला गोल्फ कोर्स. पाण्याअभावी तिथे हिरवळ टिकत नसे, म्हणून भोकाभोवतीच्या जागेत वाळू आणि तेल मिसळून ती सपाट दाबून ठेवत. सगळे जण ग्रीन म्हणतात, त्याला आमच्याकडे ब्राऊन म्हणत. रविवारी सकाळी आम्ही पोरे फाटकाशी उभे राहायचो. एका फेरीचे दहा रुपये मिळत. पिशवी उचलायला परवानगी होती, काठीला हात लावायला नव्हती.

मी ज्यांची पिशवी धरायचो ते एक बंगाली साहेब होते. चौथ्या होलला कडुनिंबाच्या पुढे मुरमाचा एक जुना खड्डा होता. सगळे त्याला शिव्या घालत. एकदा साहेबांनी मला तिथे उभे केले आणि विचारले, "तू कुठे मारशील?" मी झेंड्याकडे बोट दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "पहले ये बता, अगला शॉट कहाँ से मारना है?"

माझे आजचे सगळे भाषण या एका वाक्यावर आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक होलची सुरुवात टीपासून होते. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे आणि शेवटी भोकाभोवतीची मऊ हिरवळ म्हणजे ग्रीन. चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत काम संपवावे त्याचा जो आकडा ठरलेला असतो, तो पार. वाटेत वाळूचे खड्डे असतात, ते बंकर. आता बंकर कशासाठी? आपल्याला वाटते, वाईट फटका मारणाऱ्याला शिक्षा म्हणून. मलाही तसेच वाटे. पण साहेबांच्या घरी एक जाड पुस्तक होते आणि त्यात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्सचा नकाशा होता. तो बघत बघत माझा हा समज बदलला. मी त्या गावी गेलेलो नाही, जाईन असेही वाटत नाही. पण काही लोकांना पंढरपूर न जाताही पाठ असते, तसे ते मैदान मला पाठ आहे.

हे मैदान कोणी कागदावर आखून बांधलेले नाही. समुद्राने मागे सोडलेली वाळूची, उंचसखल, गवताळ जमीन आहे ती. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या उताराला बसायच्या, ससे बिळे करायचे, गवत निघून वाळू उघडी पडायची, वारा ती आणखी उकरायचा. असे हे खड्डे झाले, असे मानतात. खेळणारे नंतर आले. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत गावकऱ्यांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे. आजही ती जमीन सार्वजनिक आहे आणि एरवी रविवारी तिथे खेळ बंद ठेवून गावातले लोक त्यावरून फिरतात. ज्या पोराला काठीला हात लावायची मनाई होती, त्याला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करा.

ओल्ड कोर्सवर शंभराहून जास्त बंकर आहेत. बरेचसे लहान आणि खोल. गवताच्या चापट्या विटांसारख्या एकावर एक रचून त्यांची भिंत उभी करतात आणि ती दर काही वर्षांनी नव्याने बांधावी लागते. चेंडू भिंतीला चिकटून पडला, तर पुढे मारताच येत नाही. बाजूला, कधी चक्क मागे मारून बाहेर यावे लागते. दुसरी गोष्ट, आजूबाजूची जमीन खड्ड्याकडे उतरती असते. शेताच्या कडेला छोटी विहीर असावी आणि चारी बाजूंचे पाणी तिच्याकडे वाहावे, तसा चेंडू तिकडे ओढला जातो. म्हणजे खड्डा चार पावलांचा असला, तरी त्याचा अंमल मोठ्या जागेवर चालतो.

आता रेल्वेवाल्यांना आवडेल अशी गंमत सांगतो. पूर्वी हे मैदान आजच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खेळले जायचे. साधारण 1870 च्या सुमारास मैदानाची देखभाल करणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी पहिल्या होलसाठी वेगळी ग्रीन तयार केली आणि उलट्या दिशेने खेळणे सोयीचे झाले. काही काळ दोन्ही दिशा आळीपाळीने चालल्या. मग आजची दिशा कायम झाली. दिशा बदलली, पण खड्डे होते तिथेच राहिले. डबल लाइनवर डाऊन गाडीच्या ड्रायव्हरला अप लाइनच्या सिग्नलची पाठ दिसते, तसे हे झाले. 12 व्या होलला टीवरून पाहिले तर समोर स्वच्छ मोकळे रान दिसते. पण खड्डे आहेत. त्यांची तोंडे पलीकडे वळलेली आहेत, एवढेच. नवखा माणूस मधोमध झकास फटका मारतो, खुशीत चालत जातो आणि चेंडू खड्ड्यात सापडतो. तिथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. आधी खेळून गेलेल्यांना विचारावे लागते. नव्या सेक्शनवर बदली झाली की आपण जुन्या गँगमनला विचारतो ना, "बाबा, पावसाळ्यात पाणी कुठे साचते?" अगदी तसे.

या मैदानाला रेल्वेचाही शेजार होता. लिऊकार्स ते सेंट अँड्र्यूज ही शाखा 1852 साली सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या एक वर्ष आधी. तिचे इंजिनिअर होते थॉमस बाऊच. हो, तेच बाऊच, ज्यांचा टे नदीवरचा पूल डिसेंबर 1879 मध्ये वादळात गाडीसकट कोसळला. ती शाखा 1969 साली बंद झाली, पण खेळात तिची हद्द अजून शिल्लक आहे.

16 व्या होलला फेअरवेवर तीन खड्ड्यांचा एक पुंजका आहे. त्याचे नाव प्रिन्सिपॉल्स नोज, म्हणजे प्राचार्यांचे नाक! उजवीकडे जुन्या रेल्वेची हद्द. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड आणि पुन्हा पहिल्या जागेवरून सुरुवात. नाक आणि हद्द यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी आहे. त्या पट्टीत चेंडू टाकला की पुढची ग्रीन मोकळी मिळते. नाकाच्या डावीकडे भरपूर जागा आहे, तिथे धोका कमी. पण तिथून पुढचा फटका मारायचा तर ग्रीनच्या डाव्या तोंडाशी दुसरा बंकर आडवा येतो. आता बघा, नाक हे काही अडथळा म्हणून उभे नाही. ते विचारते आहे: धोका आत्ता घेणार की पुढच्या फटक्याला?

14 व्या होलचा हेल बंकर तर नावाप्रमाणे नरकच आहे. केवढा तरी मोठा आणि खोल. तो ग्रीनच्या बराच अलीकडे, दुसऱ्या फटक्याच्या सरळ रेषेत आहे. जॅक निकलस हे या मैदानावर 1970 आणि 1978 असे दोनदा ब्रिटिश ओपन जिंकलेले खेळाडू. 1995 साली त्यांना या खड्ड्यातून बाहेर पडायला चार फटके लागले आणि पाच पारच्या होलला दहा फटके झाले. मैदान जुनी ओळख ठेवत नाही.

पण सगळ्यांत प्रसिद्ध 17 वा होल, रोड होल. टीसमोर पूर्वी रेल्वेच्या काळ्या शेड आणि स्टेशनमास्तरांची बाग होती. रेल्वेच्या माल यार्डाच्या जागी आज हॉटेल आहे. तरीही चेंडू त्या कोपऱ्यावरूनच, न दिसणाऱ्या फेअरवेकडे मारायचा असतो. 2010 पासून ओपन स्पर्धेत या होलची लांबी 495 यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि पार फक्त चार. ग्रीन अरुंद आणि तिरकी बसवलेली. तिच्या मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. आणि पुढच्या डाव्या अंगाला, ग्रीनच्या पोटात घुसलेला, छोटासा रोड बंकर.

या एका खड्ड्याचा प्रताप बघा. तो टीपासून चारशे मीटरच्या पलीकडे आहे. पहिल्या फटक्याने तिथे कोणीही पोचत नाही. तरीही पहिला फटका तोच ठरवतो. उजवीकडून, हॉटेलच्या कोपऱ्यावरून, हद्दीबाहेर जाण्याचा धोका घेऊन मारलात, तर ग्रीन लांबीच्या दिशेने समोर उघडते आणि खड्डा डाव्या बाजूला राहतो. घाबरून डावीकडे मारलात, तर चेंडू सुरक्षित, पण आता खड्डा तुमच्या आणि भोकाच्या बरोबर मध्ये. तो टाळून पलीकडे मारावे तर चेंडू थांबत नाही, रस्त्यावर जातो. मग तिसरा मार्ग: ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे थांबा, तिथून हळूच पुढे सरका आणि पाचात काम संपवा. शहाणपणाचा मार्ग आहे, पण त्यात टाळ्या नाहीत.

म्हणून मी म्हणतो, बंकर शिक्षा करायला बसलेला नाही. तो दुरून प्रश्न विचारायला बसलेला आहे. खेळाडूने होल शेवटापासून सुरुवातीकडे वाचायचा. झेंडा कुठे, तिथे कुठून जाणे सोपे, त्या जागी पोचायला आत्ता कुठे मारू? साहेबांचा प्रश्न तोच होता: अगला शॉट कहाँ से?

याची उत्तरे मोठमोठ्यांनी कशी दिली ते ऐका. 1921 साली बॉबी जोन्स नावाचा 19 वर्षांचा अमेरिकन पोरगा ओपन खेळायला आला. 11 व्या होलच्या हिल बंकरमध्ये तो अडकला, चिडला आणि त्याने स्पर्धाच अर्धवट सोडली. पुढे त्याला त्याची लाज वाटली. तो पुन्हा आला, मैदान समजून घेतले आणि 1927 ची ओपन तिथेच जिंकला. 1958 मध्ये त्या गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. ज्या खड्ड्याने पळवून लावले, त्याच मैदानावर त्याने जीव लावला.

1978 मध्ये जपानचे त्सुनेयुकी नाकाजिमा तिसऱ्या फेरीत चांगल्या स्थितीत होते. रोड होलला त्यांचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला. मग त्यांनी भोकाकडे हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत रोड बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके, एकूण नऊ. म्हणजे ग्रीनवर पोचलो म्हणून सुटलो, असेही नाही.

2000 साली टायगर वुड्स तिथे आठ फटक्यांच्या फरकाने जिंकले. चार दिवस, 72 होल, 112 बंकर, आणि त्यांचा चेंडू एकदाही बंकरमध्ये गेला नाही. ताकद तर होतीच. पण केवळ ताकदीने हे होत नाही. चेंडू कुठे न्यायचा नाही, हे प्रत्येक फटक्याआधी ठरवावे लागते. त्याच शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर खेळणारे डेव्हिड ड्युव्हल रोड बंकरमध्ये चार फटके मारत होते.

आणि 2022 ची 150 वी ओपन. ऑस्ट्रेलियाचे कॅमेरॉन स्मिथ शेवटच्या दिवशी आघाडीवर. 17 व्या होलला दुसरा फटका डावीकडे अलीकडेच थांबला. त्यांच्या आणि भोकाच्या मध्ये तोच खड्डा. उंच उडवून पार करायचा मोह कोणाला होणार नाही? त्यांनी पटर काढला आणि चेंडू जमिनीवरून खड्ड्याला वळसा घालून वर नेला. पुढचा फटका भोकात, पार वाचला. 18 व्या होलला आणखी एक फटका कमावला आणि एका फटक्याने जिंकले. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना ज्या खड्ड्याने विचार करायला लावला, त्यानेच 2022 च्या विजेत्याला मान खाली घालून वळसा घ्यायला लावला.

आता माझे सांगतो. बिलासपूरला येण्याआधी दुसऱ्या ठिकाणी होतो तेव्हाची गोष्ट. रात्रीचा ब्लॉक होता. रुळांखालची गिट्टी काढून, चाळून परत भरायची. काम संपता संपता पाऊस सुरू झाला. अशा कामानंतर पहिल्या गाड्या ताशी 20 किलोमीटरने काढायच्या, रूळ बसतील तसा वेग वाढवायचा. कंट्रोलवरून फोनवर फोन. मागे तीन गाड्या उभ्या. वरचे एक साहेब म्हणाले, "जागा चांगली आहे, लवकर वेग वाढवा, पंक्च्युअलिटी जाते." जागा खरेच चांगली दिसत होती. टीवरून 12 वा होल दिसतो तशी. मी गँगमधल्या सर्वांत जुन्या माणसाकडे पाहिले. तो काही बोलला नाही, फक्त पायाने बाजूची ओली गिट्टी दाबून दाखवली. मी वेग वाढवला नाही. सकाळपर्यंत गाड्या 20 नेच गेल्या. दुसऱ्या दिवशी मला सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि त्या वर्षीच्या शेऱ्यातही ते उतरले.

तुम्ही विचाराल, मग तिथे काही निघाले का? काही निघाले नाही. पावसानंतर पाहणी केली, रूळ जागेवर होते. त्या रात्री वेग वाढवला असता तर काय झाले असते, ते मला कधीच कळणार नाही. सुरक्षित खेळणाऱ्याचे दुखणे हेच. जो खड्ड्यात पडतो त्याचे नाव इतिहासात राहते, जो टाळतो त्याच्याजवळ दाखवायला पुरावा नसतो. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "झोप लागली ना? मग झाले तर."

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने त्या लहानपणच्या वसाहतीत गेलो होतो. मैदान पाहायला गेलो. आता फाटकावर कोणी अडवत नाही. चौथ्या होलला कडुनिंब आहे, खड्डा नाही. बुजवून सपाट केला आहे. तिथल्या माळ्याने सांगितले, "खर्च होता, आणि मेंबर लोकांची तक्रार होती." आता सगळे सरळ झेंड्याकडे मारतात, सगळ्यांचे फटके कमी झाले. मी त्याच जागी उभा राहिलो. विचार करायला काही उरलेच नव्हते. साहेब जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा प्रश्न विचारणारा तो एक उरला होता, तोही गेला.

सेंट अँड्र्यूजलाही 19 व्या शतकात असा एक बंकर बुजवला होता. असे सांगतात, की काही खेळाडूंनी रात्रीतून तो पुन्हा खणला! तो सदरलँड बंकर आजही आहे. मला त्या रात्रीच्या मंडळींचे फार कौतुक वाटते. आपला फटका जिथे फसतो, तो खड्डा राहावा म्हणून फावडे घेऊन जाणारी माणसे जगात कमीच.

आमच्या कामात कॉशन बोर्ड हाही असाच खड्डा आहे. ड्रायव्हरला नको असतो, कंट्रोलला नको असतो, वरच्या साहेबांना नको असतो. पण तो आहे म्हणून एक किलोमीटर आधी कोणीतरी विचार करतो. तरुण मुलांना एवढेच सांगेन: वाटेत आडवा येणारा प्रत्येक जुना नियम, जुना माणूस, जुना प्रश्न बुजवायची घाई करू नका. त्यातले काही खरेच निरुपयोगी असतील. पण आधी थोडे थांबून बघा, की तो तुम्हाला अडवतो आहे की विचारतो आहे.

आपण गणरायाला विघ्नहर्ता म्हणतो. पण विघ्नांचा अधिपती, विघ्नेश्वर, हेही त्याचेच नाव आहे. म्हणून मी त्याच्याकडे सगळे खड्डे बुजवून दे असे मागत नाही. खड्डा तिथेच असू दे, तो वेळेवर दिसण्याची आणि वळसा घेण्याची बुद्धी दे, एवढेच मागतो.

 आता प्रसादाला उशीर नको.

गणपती बाप्पा मोरया!